पहिलं मोरचूद, मग बाकीचं

भावा, घरी रसायनांचे प्रयोग सुरू करायचे म्हणून पन्नास बाटल्यांचा रसायनांचा संच घ्यायची घाई नको. मी घेतला होता, निम्म्या बाटल्या झाकण न उघडताच दगड झाल्या. आधी डोळे झाकणारा संरक्षक चष्मा आणि एका ग्रॅमचाही फरक दाखवणारा काटा घे. जागा गच्चीवर किंवा पडवीत, स्वयंपाकघरात अजिबात नको. भांडीही वेगळी, त्यांवर रंगाने खूण करून ठेव.

सुरुवात मोरचुदापासून (कॉपर सल्फेट) कर. शेती औषधांच्या दुकानात मिळतं, द्राक्षबागायतदार चुन्यासोबत वापरतात तेच. १०० मिली बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीचं ॲसिड नव्हे!) कडकडीत गरम करून त्यात ५० ग्रॅम विरघळव, गाळून घे आणि कापडाने झाकून ठेव. गार पाण्यात साधारण ३२ ग्रॅमच मावतं, म्हणून उरलेलं निळ्या खड्यांच्या रूपात तळाशी बसतं. त्यातला एक चांगला खडा दोऱ्याला बांधून वरच्या द्रावणात लोंबकळत सोड आणि आठवडाभर हात लावू नकोस. (हेच सगळ्यात अवघड!) हलवलंस की खडा वेडावाकडा वाढतो. उरलेल्या द्रावणात लोखंडी खिळा बुडव, त्यावर तांबं चढतं.

मोरचूद पोटात गेलं तर विषारी, आणि माशांनाही. गटारीत ओतू नकोस, आपली गटारं शेवटी पंचगंगा नदीलाच मिळतात. बाटलीत भरून नाव-तारीख लिही, पुन्हा वापरता येतं.

आणि संडास धुवायचं ॲसिड ब्लीचिंग पावडरीत गंमत म्हणूनही मिसळू नकोस. क्लोरीन निघतो, छातीच धरते.