फेटा चीज सोसत नाही? आधी ताटात आणखी काय होतं ते सांगा

मुलगी पुण्याहून आली की कलिंगड, पांढरा कांदा आणि फेटा चीज घालून सॅलड करते. खाल्ल्यावर दोन तासांत पोटात गुबारा धरतो, कधी जुलाबही होतात. चहा दिवसातून तीनदा होतो, त्याचा त्रास नाही. दूध-दही सगळंच सोडू का? (गृहिणी, अलिबाग)

नका सोडू, ताई. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचणारी माणसंही एका वेळी साधारण १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज बहुतेक वेळा सोसतात. शंभर मिली दुधात ते पाचेक ग्रॅम असतं. फेटा करताना दुधातली बरीचशी साखर निथळणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते आणि उरलेली जिवाणू आंबवतात. काडेपेटीएवढ्या, म्हणजे ३० ग्रॅमच्या तुकड्यात जेमतेम ग्रॅमभर उरते. तुमच्या तीन चहांत याहून कितीतरी जास्त जाते.

माझा संशय वाडग्यातल्या बाकीच्या दोघांवर आहे. अलिबागचा पांढरा कांदा चवीला गोड, पण त्यातले फ्रुक्टान (साखरेच्या लांब साखळ्या) कोणाच्याच लहान आतड्यात पचत नाहीत. ते खाली मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांचा गॅस करतात. कलिंगडातलं फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखरही काहींना झेपत नाही. त्यात तुम्ही दोन्ही कच्चे आणि वाडगाभर खाता.

एकदा नुसता फेटा, तेवढाच काडेपेटीएवढा, तांदळाच्या भाकरीबरोबर खाऊन बघा. दोन दिवस मध्ये जाऊ द्या, मग नुसतं कलिंगड, आणखी दोन दिवसांनी कांदा. काय खाल्लं, किती वाजता, पोट कधी बिघडलं हे कॅलेंडरवरच लिहा. नुसत्या फेट्यानेही त्रास झाला, तर लॅक्टोज पचतं का हे श्वासातून तपासणाऱ्या हायड्रोजन ब्रेथ टेस्टबद्दल डॉक्टरांना विचारा. वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर मात्र हे प्रयोग करत बसू नका, थेट दाखवा.

गोव्याला एका लग्नात फेटा खाल्ला आणि वीस मिनिटांत चेहरा लालबुंद झाला, डोकं ठणकलं, छातीत धडधड. मागच्या महिन्यात बांगड्याचं तिखलं खाऊनही असंच झालं होतं. घरातल्या बाकी कोणाला काही नाही. तीन महिन्यांपासून टीबीच्या गोळ्या चालू आहेत. (शिक्षक, मालवण)

सर, शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहिलंत, पण माझ्या मते सगळं त्यातच आहे.

मुरलेल्या चीजमध्ये आणि बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात जिवाणूंमुळे हिस्टामिन हे रसायन तयार होतं, त्यानेच चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, धडधडतं. एकदा झालं की शिजवून, तळून जात नाही. एरवी आतड्यातली विकरं (एन्झाइम्स) त्याचा निकाल लावतात. टीबीच्या उपचारातलं आयसोनियाझिड हे औषध त्याच विकरांना अडवतं, शिवाय चीजमधल्या टायरामिन या दुसऱ्या रसायनाचा निचराही मंदावतं. मासळीच बिघडलेली असती, तर पंगतीतल्या इतरांनाही भोगावं लागलं असतं. त्रास तुम्हा एकट्यालाच झाला, म्हणून मला गोळ्यांकडे बोट दाखवावंसं वाटतं. मासळीची किंवा दुधाची ॲलर्जीही असू शकते, ती डॉक्टरांनीच तपासायला हवी.

गोळ्या स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. टीबीचा कोर्स अर्धवट सुटला तर पुढचं दुखणं फार जड जातं. उपचार देणाऱ्या डॉक्टरांना हे दोन्ही प्रसंग तारीखवार सांगा. कोर्स संपेपर्यंत मुरलेलं चीज आणि सुकी मासळी बंद. बांगडा आणि कुपाही टाळलेलेच बरे. हाताने केलेलं ताजं पनीर त्याच दिवशी खायला सहसा अडचण नसते. धडधड पुन्हा झाली, चक्कर आली किंवा श्वास अडकला तर वाट बघू नका, दवाखाना गाठा.

मुलगा तीन वर्षांचा. गाईच्या दुधाने अंगावर पित्त उठतं. दुकानदार म्हणतो फेटा मेंढीच्या दुधाचा असतो, तो चालेल. (दापोली)

चालणार नाही. गाय, शेळी, मेंढी यांच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात, की एकाची ॲलर्जी असणाऱ्याला बहुधा दुसऱ्याचीही येते. ओठ सुजले, आवाज बसला, श्वास घुरघुरला तर आमसुलाचं पाणी लावत वेळ काढू नका. त्याला लागलीच दवाखान्यात न्या. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या आणि तोवर दूध कुठल्याही रूपात देऊ नका.

आमचं होमस्टे आहे. फेटा न चालणारे पाहुणे येतात, त्यांच्या सॅलडमध्ये काय घालू? (गुहागर)

आधी विचारा, नक्की काय सोसत नाही? युरोपच्या नियमाने फेटा म्हणजे ग्रीसमधला, किमान ७० टक्के मेंढीच्या दुधाचा, बाकी शेळीचं, आणि किमान दोन महिने मुरलेला. आपल्याकडे त्या नावाने गाईच्या दुधाचाही मिळतो, म्हणून पाकिटावरची घटकांची यादी वाचायची सवय ठेवा.

मुरलेलं चीज न चालणाऱ्याला ताजं पनीर द्या. दुधाची ॲलर्जी असेल तर पनीर नाहीच, टोफू घ्या, मात्र सोयाबीन चालतं ना तेही विचारा. टोफू दाबून पाणी काढा, तुकडे करून लिंबाचा रस, मीठ आणि थोडं तेल लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. कोकमाचं आगळही चवीला सुरेख लागतं, फक्त तुकडे गुलाबी होतात आणि आगळात मीठ असतं, म्हणून वेगळं मीठ हात राखून. काजूची पेस्ट घालायचा मोह होईल, पण काजूची ॲलर्जीही जबर असते, न विचारता घालू नका. आणि ॲलर्जीवाल्या पाहुण्याची सुरी, पाट, वाडगा वेगळा ठेवा. फेटा कापलेल्या सुरीने टोफू कापला तर सगळी मेहनत वाया.