रंग झाका, मग चव घ्या

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळचा विषय : आडवा विचार, म्हणजेच लॅटरल थिंकिंग, अर्थात नेहमीची वाट सोडून प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने बघणं

प्रश्न : कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझं किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक पिवळाधमक गूळच मागतं. काळसर गूळ शुद्ध आणि चवीलाही भारी, हे सांगून दमलो. लोकांचा गैरसमज कसा मोडायचा?

उत्तर : आधी तुमचा तपासू. गिऱ्हाईक रंग बघून पिवळा उचलतं आणि तुम्ही रंग बघूनच काळा. हायड्रॉस पावडर टाकली की गूळ उजळतो, हे खरं. पण चोपण जमिनीतला ऊस, मळी नीट न काढलेला रस, काहिलीत जादा आटलेला पाक, पावसाळ्यात ओल धरलेला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, यातल्या कशानेही गूळ काळवंडतो. काळेपणा हा काही शुद्धतेचा दाखला नव्हे.

पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली लोकांना २-४-६ हे आकडे देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितलं. आपले तीन आकडे सुचवून ते नियमात बसतात का, हे विचारायची मुभा होती. 'दोन-दोनने वाढतात' हे डोक्यात बसलेली माणसं ८-१०-१२ सारखेच आकडे पुढे करत आणि दर वेळी 'बसतात' असं उत्तर ऐकत. नियम एवढाच होता, की आकडे चढते हवेत. १-२-७ विचारलं असतं तर लगेच उलगडा झाला असता. गल्ल्यावर बसून तुम्ही रोज ८-१०-१२ विचारताय, आपलं म्हणणं खोटं पडेल असं काहीच नाही.

तेव्हा रंगच काढून टाका. दोन्ही गूळ १००-१०० ग्रॅम घेऊन वेगवेगळ्या पातेल्यांत, प्रत्येकी १ लिटर कोमट पाण्यात विरघळवा, फडक्याने गाळा आणि पूर्ण निवू द्या. एक गार आणि एक कोमट राहिलं तर माणूस चव नाही, ऊब ओळखतो. एकसारखे स्टीलचे पेले घ्या. चाखणाऱ्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधून त्याला तीन पेले द्या, दोनांत एक गूळ आणि तिसऱ्यात दुसरा. प्रत्येक पेल्यात दोन घोट, मध्ये साधं पाणी. प्रश्न एकच : वेगळा कुठला? तीन पेल्यांची मांडणी सहा तऱ्हांनी होते. बारा जण बोलवा, म्हणजे प्रत्येक मांडणी दोनदा येईल. दुकानातली पोरं नकोत, मालकाला काय ऐकायचंय ते त्यांना पाठ असतं.

नुसत्या अंदाजानेही बारांतले चारेक जण बरोबर येतात. आठ किंवा जास्त आले, तरच चवीत फरक आहे असं धरा. हा आठाचा आकडा चाखण्याआधीच कागदावर लिहून ठेवा, नाहीतर सातावर 'झालंच की' म्हणाल. पेले भरणारा आत आणि देणारा बाहेर असावा. भरणाराच समोर उभा राहिला की त्याचा चेहरा सगळं सांगून टाकतो. यातून फरक कळेल. सरस कुठला, हा त्यापुढचा प्रश्न.

प्रश्न : आमच्या तालीम मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष बोलले की सगळे माना डोलावतात. वेगळं काही सुचवलं की हशा पिकतो. यंदा वर्गणीचा प्रश्न अवघड आहे.

उत्तर : आधी चिठ्ठ्या. चर्चेआधी तीन मिनिटं प्रत्येकाने आपलं मत नाव न घालता लिहायचं, चिठ्ठ्या मिसळून एकाने वाचायच्या, अध्यक्षांनी शेवटी बोलायचं. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ साली दाखवलं, की रेघांची लांबी समोर स्पष्ट दिसत असतानाही आजूबाजूचे सगळे चुकीचं बोलले, की चारांतले तीन जण निदान एकदा तरी त्यांच्या मागे जातात. एक जरी सोबती खरं बोलला तरी हे एकदम कमी होतं. तुमच्याकडे तो सोबती चिठ्ठी.

मग 'पो'. लॅटरल थिंकिंग हा शब्द १९६७ साली देणारे एडवर्ड डी बोनो मुद्दाम अशक्य विधान करताना त्याआधी हा शब्द लावत. त्यांचं गाजलेलं उदाहरण : 'पो, कारखाना स्वतःच्याच खालच्या अंगाला आहे.' त्यातून निघालं, की कारखान्याने नदीत पाणी सोडायचं वरच्या बाजूला आणि स्वतःसाठी उचलायचं त्याच्या खालून, म्हणजे आपली घाण आधी आपल्याच वाट्याला येते. पंचगंगेकाठी याचा अर्थ फोडून सांगायला नको.

तुम्ही फळ्यावर लिहा : 'पो, वर्गणी मागायला कुणी जायचंच नाही.' पाच मिनिटं 'हे जमणार नाही' म्हणायला बंदी. मग विचारा, असं झालंच तर पहिल्या दिवशी काय दिसेल? लोक स्वतः तालमीत येतील. कशासाठी? हिशेब बघायला? मग गेल्या वर्षीचा हिशेब आधी दाराशी लावता येईल का? इथे कामाची गोष्ट हाती लागते. बहुतेक ठिकाणी घोळ होतो तो असा, की कुणीतरी पो-वाक्यालाच ठराव समजून भांडत बसतं. ते वाक्य वेगळ्या रंगाच्या खडूने लिहा आणि शेवटी पुसून टाका.

प्रश्न : उद्यमनगरात पंप बनवतो. परत आलेले पंप उघडून त्यावरून सुधारणा करतो. यात काही चुकतंय?

उत्तर : अर्धंच दिसतंय. दुसऱ्या महायुद्धात परतलेल्या विमानांवरची गोळ्यांची भोकं मोजून तिथेच पत्रा जाड करायचं घाटत होतं. गणितज्ञ अब्राहम वाल्ड यांचं म्हणणं उलटं : जिथे भोकं दिसत नाहीत तिथे जाड करा, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परत आलेलीच नाहीत. तुमच्याकडे तक्रार घेऊन येणारा अजून तुमचाच आहे. दोन वर्षांपूर्वीचं बिलबुक काढा, पुन्हा न फिरकलेली दहा नावं निवडा आणि फोन करा. 'आमचा पंप बरा होता ना?' असं विचारू नका. 'आता कुणाचा बसवलाय, आणि त्यात काय वेगळं मिळालं?' एवढंच विचारा आणि तोंडून आलेले शब्द जसेच्या तसे लिहून घ्या.