थंडीत सायकल बंद ठेवू का?

प्रश्न : माझी शाळा घरापासून सात किलोमीटरवर आहे. रोज सकाळी पावणेसातला सायकलने निघते. डिसेंबर लागला की बोटं बधिर होतात, कानात वारं शिरतं, आणि शाळेत पोचेपर्यंत स्वेटरच्या आत घामही येतो. धुक्याची तर भीतीच वाटते. घरचे म्हणतात, दोन महिने सायकल ठेवून दे. काय करू?
– एक शिक्षिका, निफाड तालुका

उत्तर : बाई, सायकल ठेवून देऊ नका. चांदोरी-निफाड रस्त्यावर मी बारा हिवाळे सायकल चालवली आहे. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, ती थंडी मला ठाऊक आहे.

आधी बोटांचं बघा, कारण ब्रेक बोटांतच असतो. एका जानेवारीत चांदोरीच्या पुढे कुत्रं आडवं आलं. मला वाटलं मी ब्रेक दाबला, पण बोटं वळलीच नव्हती. गुडघा चांगलाच फुटला. तेव्हा माझ्या हातात लोकरीचे मोजे होते आणि त्यांतून वारा आरपार जातो. पारा 8 अंशांवर असताना ताशी 15 किलोमीटरने निघालात, तर उघड्या त्वचेला तो गारवा 5-6 अंशांसारखा झोंबतो. मोटरसायकलवाले घालतात तसे वारा अडवणारे हातमोजे घ्या. दुकानातच ते घालून मूठ वळवून बघा. जाड मोज्यात बोट अडकत असेल तर ते नकोत.

घाम येतो म्हणजे निघतानाच कपडे जास्त होतात. पहिली दहा मिनिटं थोडं कुडकुडायला झालं पाहिजे. आत सुती काही नको, ते घाम धरून ठेवतं. खेळाडूंचा पातळ टी-शर्ट, वर हलका स्वेटर, त्यावर विंडचीटर. छातीवर रद्दी पेपरची घडी सरकवा, शाळेत पोचल्यावर काढून टाका. माझा याच्यावर फार विश्वास आहे. कानाला पातळ पट्टी पुरे. जाड माकडटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही आणि हॉर्नही ऐकू येत नाही. ओढणी मागे गाठ मारून घ्या, चाकाकडे लोंबू देऊ नका.

धुक्याची भीती मात्र खरी आहे. पहाटे कांद्याचे ट्रॅक्टर लासलगावकडे निघतात आणि कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो. तुमच्या सायकलला मागे लाल लुकलुकणारा आणि पुढे पांढरा दिवा हवाच, उजाडलं तरी चालू ठेवा. दव पडलेल्या पांढऱ्या पट्ट्यावर वळू नका, चाक घसरतं. आणि पुढचा विजेचा खांब दिसेनासा झाला, की उतरा, सायकल रस्त्याच्या खाली घ्या, जवळ टपरी असेल तर चहा घ्या.

धुकं असेल त्या दिवशी उशीर होईल, हे हेडसरांना आजच सांगून ठेवा.