पडक्या घराच्या जागेवर डिटेक्टर: आधी खिळे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात घर घेतलंय, मागच्या झाडीत दगडांनी बांधलेला चौकोनी खड्डा आहे, शेजारी म्हणतात तिथे पूर्वी कुणा शेतकऱ्याचं घर होतं. जुनी नाणी मिळतील म्हणून मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू ओळखून आवाज करणारं मशीन) आणला, तर नुसते खिळे लागतात. लोखंड वगळायचं सेटिंग लावलं तर मशीन गप्प. आणि जाता जाता विचारलंय की हेच मशीन साताऱ्याच्या पडक्या वाड्यात नेलं तर चालेल का.

खिळे लागताहेत म्हणजे जागा बरोबर आहे. इकडे नाणी शोधणारे आम्ही सगळे आधी खिळ्यांचाच पट्टा शोधतो. घर जळो, पडो किंवा कुजो, लाकूड मातीत जातं आणि खिळे तिथेच राहतात. त्यांचा गचका, म्हणजे मशीनचा तुटक आवाज, जिथे संपतो तिथे भिंत संपली आणि अंगण सुरू झालं असं धरा.

आता सापडलेले खिळे फेकून देऊ नका. दोन-चार नीट धुऊन बोटांत फिरवून बघा. चारही बाजू टोकाकडे निमुळत्या होत गेल्या असतील आणि डोकं हातोडीच्या ठोक्यांनी ओबडधोबड असेल, तर तो लोहाराने घडवलेला, साधारण १८०० च्या आधीचा. दोन बाजू समांतर आणि दोनच निमुळत्या असतील, तर पत्र्यातून मशीनने कापलेला. असे खिळे १७९० च्या दशकापासून जवळजवळ शंभर वर्षं चालले. गोल तारेचा खिळा म्हणजे १८९० च्या आसपासचा किंवा नंतरचा. तुमच्या खड्ड्याभोवती गोल खिळा एकही नसेल, तर ते घर त्याआधीच ओस पडलं असणार. न्यू इंग्लंडात, म्हणजे कनेक्टिकट आणि आसपासच्या ईशान्येकडच्या राज्यांत, हे फार झालंय: १८२५ ला इरी कालवा सुरू झाला, पश्चिमेची सुपीक जमीन आवाक्यात आली आणि इथल्या दगडाळ शेतांवरची पोरं तिकडे गेली. शेतात जंगल माजलं. झाडीत मध्येच दगडी बांध दिसतात ते त्याच शेतांचे.

यावरून नाणी कुठली अपेक्षित ते कळतं. १८५७ पर्यंतचा अमेरिकन सेंट हा तांब्याचा चांगला थोराड तुकडा होता, साधारण २८-२९ मिलिमीटरचा. स्पॅनिश चांदीची नाणीसुद्धा १८५७ पर्यंत इथे कायदेशीर चलन होती, त्यामुळे रियाल (त्यातलंच एक नाणं) निघाला तर दचकू नका. कनेक्टिकटने स्वतः १७८५ ते १७८८ या काळात तांब्याची नाणी पाडली होती. तसं एखादं निघालं तर मला कळवा, मी बघायला येतो. पण खरं सांगायचं तर नाण्यांपेक्षा बटणं जास्त निघतील. चपटी, मुलामा दिलेली, मागे कडी असलेली. पाठीवर 'ट्रेबल गिल्ट' (तिहेरी मुलामा) किंवा 'लंडन' असं कोरलेलं दिसतं. मला ती नाण्यांहून आवडतात.

मशीन गप्प का होतं? लोखंड वगळायला सांगितलं की खिळा लागताच ते आवाज बंद करतं आणि सावरायला क्षणभर घेतं. तेवढ्यात शेजारचं नाणं कॉइलखालून (जमिनीवरून फिरवायच्या चकतीखालून) निघून जातं. म्हणून घराच्या जागेवर लोखंड पूर्ण बंद करायचं नाही. त्याचा खालचा सूर ऐकू येऊ दे. कॉइल लहान, सहा इंचाच्या आसपासची लावा आणि फिरवण्याचा वेग अगदी कमी ठेवा, पाच मिनिटांत मीटरभर जागा झाली तरी चालेल. दोन गचक्यांमध्ये एखादा उंच, तुटका सूर आला की थांबा, तिथेच नव्वद अंशांत वळा आणि आडवं फिरवा. एका दिशेने खिळा झाकतो, दुसऱ्या दिशेने नाणं बोलतं. दोन्हीकडून उंच सूर आला तर खणाच. मात्र मोठं लोखंड, कुऱ्हाडीचं पातं किंवा बैलाचा नाल, उंच सूर काढून फसवतं. ओळखायची खूण अशी की पिनपॉइंट केल्यावर, म्हणजे मशीनने नेमकी जागा हेरल्यावर, सिग्नलची जागा सरकलेली असते. खऱ्या नाण्याची जागा हलत नाही.

फिरवायचं कुठे? खड्ड्याच्या आत उतरू नका. तो तळघराचा खड्डा आहे, दगड सैल असतात आणि कुजलेल्या लाकडांशिवाय फार काही मिळत नाही. त्याहून मोठा धोका विहिरीचा. जुन्या शेतघराजवळ हाताने खणलेली, दगडांनी बांधलेली विहीर असतेच, तिच्यावरच्या फळ्या कुजून वर पाला साचलेला असतो. आधी काठीने जमीन चाचपून तिची जागा पक्की करा, मगच बाकीचं. नाणी पडतात ती माणूस वाकतो, बसतो, धावतो तिथे. दारासमोर, दार ते गोठा या वाटेवर, विहिरीभोवती, मोठ्या झाडाखाली, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, दगडी बांधात गाडी जायला ठेवलेल्या खिंडीत. दार कुठे होतं ते कळत नसेल तर लायलॅक किंवा डे-लिली ही फुलझाडं कुठे उगवलीयेत ते बघा. घर गेलं तरी दाराशी लावलेली ही झाडं टिकून राहतात. कनेक्टिकटचे लिडार नकाशे (विमानातून लेसरने जमिनीचे उंचसखल भाग मोजून केलेले) इंटरनेटवर फुकट आहेत, त्यात जंगलाखालचे बांध, वाटा, खड्डे स्वच्छ दिसतात. १८६०-७० च्या काळातल्या जुन्या नकाशांवर घरमालकांची नावंही असतात. आणि खरेदीखतं बघायची तर इथे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कचेरीत जायचं नाही, गावचं दप्तर सांभाळणाऱ्या टाउन क्लार्ककडे जायचं.

जमीन तुमची आहे, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही, पण हद्द नक्की करून घ्या. बांध म्हणजे हद्द असंच काही नसतं. स्टेट पार्क, सरकारी जंगल इथे विचारल्याशिवाय मशीन काढायचं नाही. केंद्र सरकारच्या जमिनीवर शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तू उकरणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. हाडं दिसली आणि माणसाची वाटली तर तिथेच थांबून पोलिसांना कळवा.

खणताना गवत तीन बाजूंनी कापून चौथ्या बाजूला बिजागरीसारखं उलटा, माती कापडावर काढा, परत तशीच भरा. पानगळीनंतर किंवा ऐन वसंताच्या सुरुवातीला झाडीत जमीन मोकळी असते. त्याच काळात गोचिडीही असतात. त्यांच्या चाव्याने होणाऱ्या लाइम रोगाचं नाव कनेक्टिकटच्याच लाइम गावावरून पडलंय, तेव्हा पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर अंग तपासा.

नाणं निघालं की घासू नका. पितांबरी, चिंच, लिंबू काहीही नाही! इकडची माती आम्लधर्मी, तांबं आधीच खाल्लेलं असतं, घासलंत तर उरलेली तारीखही जाईल. शुद्ध पाण्यात ठेवा, भिंगाखाली दातकोरणीने माती सोडवा.

आता साताऱ्याचं. भारतात मामला वेगळा आहे. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं, जमीन आपलीच असली तरी. न कळवणाऱ्याला तुरुंगवासही होऊ शकतो. बेवारस ठरलं तर सापडणाऱ्याला आणि जमीनमालकाला वाटा मिळण्याची तरतूद आहे, पण सरकार ते मोबदला देऊन घेऊही शकतं. शिवाय १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे वाड्यात दुदांडी शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) मिळाली तरी ती कनेक्टिकटच्या कपाटात यायची नाही. वाड्याजवळ संरक्षित स्मारक असेल तर शंभर मीटरच्या आत बांधकामालाही मनाई असते, तिथे स्वतःहून खणण्याचा विचारही नको. शिवाय वाडा भाऊबंदांच्या सामाईक नावावर असेल, तर डिटेक्टर दिसताच गावभर गुप्तधनाची चर्चा होईल, ती वेगळीच. मशीन कनेक्टिकटमध्येच राहू द्या. वाड्याचे फोटो काढा, मोजमाप घ्या, जुने कागद शोधा, त्यात जास्त काही हाती लागेल.