बेळगावच्या सांबरा विमानतळाजवळ प्लॉट घेताना आवाजाचा विचार कसा करावा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. कोरोनात विमानं बंद होती तेव्हा सांबऱ्याच्या आसपास खरंच शांत झालं होतं का, आणि आता शेजारच्या बाळेकुंद्री गावाकडे प्लॉट घेतला तर आवाजाचा त्रास होईल का. मी याच पट्ट्यात राहतो म्हणून सांगतो. प्रवासी विमानांचं वेळापत्रक बघून अंदाज बांधू नका, फसाल.

देशांतर्गत विमानं २५ मार्च २०२० ला बंद झाली आणि २५ मेला परत सुरू झाली. त्या दोन महिन्यांत गावं शांत होती हे खरं, पण त्याचं मुख्य कारण बागलकोट रस्ता. ट्रक, टमटम, बस सगळं एकदम थांबलं. सांबऱ्याला तोवर दिवसाला मोजकीच विमानं यायची, त्यातली बरीचशी पंख्याची, म्हणजे एटीआर. ती थांबली म्हणून कुणाला झोप लागायला लागली असं आमच्याकडे झालं नाही. जुन्या माणसांना तर सवयच आहे. ही धावपट्टी १९४२ मध्ये ब्रिटिशांच्या हवाई दलाने केली, आणि भारतीय हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आजही शेजारीच आहे.

मजा अशी की कोरोनाच्याच काळात आमच्याकडे विमानं वाढली. मे २०१८ मध्ये इथली विमानं हुबळीला गेली म्हणून बेळगावात किती ओरड झाली होती! मग २०१९ मध्ये उडान योजनेच्या, म्हणजे लहान शहरांच्या विमानमार्गांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेच्या, तिसऱ्या फेरीत बेळगावला बरेच मार्ग मिळाले. त्यातला सुरतचा २०२० च्या अखेरीस सुरू झाला, नाशिक आणि जोधपूरचा २०२१ च्या सुरुवातीला. त्या दिवसांत कोल्हापूरला जाऊन यायचं तर परतताना राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद दाखवावा लागायचा, नसला की मागे फिरा. गाडीने शेजारच्या जिल्ह्यात जाणं अवघड आणि विमानाने जोधपूर गाठणं सोपं, असे ते दिवस होते. उडानचं अनुदान तीन वर्षांचं असतं. ते संपल्यावर काही मार्ग गळाले, आणि तेव्हा ‘विमान परत द्या’ म्हणणारेही आम्हीच होतो. त्यामुळे प्रवासी विमानाच्या आवाजाबद्दल इथे कुणी फारसं कुरकुरत नाही. धावपट्टीसाठी गेलेल्या जमिनीचा विषय काढा, मग बघा लोक कसे बोलतात.

आता तुमच्या कामाचं. २०२१ च्या मे महिन्यात विमानतळ प्राधिकरणाने देशातल्या पाच विमानतळांवर वैमानिक प्रशिक्षण संस्थांना जागा दिल्या. बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी. प्रवासी वाहतूक मंदावलेली असताना घेतलेला हा निर्णय, आणि माझ्या मते सांबऱ्याच्या आवाजात खरा फरक पडला तो यानेच. शिकाऊ विमान लहान असतं, त्याचा एकेकटा आवाज मोठा नसतो. पण ते उडतं, धावपट्टीला वळसा घालतं, टेकतं न टेकतं तोच परत उडतं. एक फेरी सहा-सात मिनिटांची, साधारण हजार फुटांवरून. एटीआर येतं आणि जातं. हे मात्र घोंगावणाऱ्या गोमाशीसारखं, गेलं म्हणेपर्यंत परत डोक्यावर. मुलांना अभ्यासाला बसवलं असेल तर त्रास कळतो. शिवाय ३० मे २०२३ ला असंच एक शिकाऊ विमान होनिहाळच्या शेतात उतरवावं लागलं, तेव्हापासून आवाज बदलला की शिवारातली माणसं मान वर करून बघतात.

कुणी तुम्हाला डेसिबलचा आकडा दाखवून ‘नियमात आहे’ म्हणेल. वस्तीसाठी साधा नियम दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असा आहे. २०१८ च्या अधिसूचनेने विमानतळाच्या आवाज-क्षेत्रासाठी, म्हणजे विमानांचा आवाज पोचणाऱ्या भोवतालच्या पट्ट्यासाठी, वेगळी मर्यादा दिली. वर्षाला ५०,००० पेक्षा जास्त उड्डाणं-उतरणं असलेल्या विमानतळांना दिवसा ७० आणि रात्री ६५, बाकीच्यांना ६५ आणि ६०. गोम अशी की हा आकडा सरासरीचा असतो. सकाळी सहा ते रात्री दहा असे सोळा तास धरले की अर्ध्या मिनिटाचा मोठा आवाज त्यात विरघळून जातो. विमानं दुप्पट झाली तरी सरासरी फक्त ३ डेसिबलने वाढते, आणि निम्मी झाली तर तेवढीच उतरते. दिवसात चाळीस वेळा बोलणं थांबवावं लागलं की चार वेळा, हे त्या आकड्यात दिसत नाही. माझा त्यावर विश्वास कमीच.

म्हणून प्लॉट बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. दलाल त्याच वेळेला बोलावतो. पाऊस उघडल्यानंतरच्या दिवसांत, कामाच्या दिवशी, आभाळ मोकळं असताना सकाळी जा आणि दोन तास तिथेच बसा. शिकाऊ विमानांना स्वच्छ हवा लागते, त्यामुळे जुलैच्या ढगाळ हवेत गेलात तर सगळं शांतच वाटेल. वारंही बघा. धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं-उतरतं. पावसाळ्यात वारं पश्चिमेचं, म्हणजे उतरणारी विमानं पूर्वेकडच्या गावांवरून खाली येतात आणि उडणारी बेळगावच्या बाजूला जातात. पूर्वेचं वारं सुटलं की उलटं. धावपट्टीच्या सरळ रेषेतला प्लॉट आणि तिच्यापासून तेवढ्याच अंतरावरचा बाजूचा प्लॉट यांत बराच फरक पडतो, भाव सारखाच सांगत असले तरी.

आणि दोन मजल्यांपेक्षा जास्त बांधायचा विचार असेल तर विसार देण्याआधी विमानतळ प्राधिकरणाच्या उंचीच्या एनओसीची, म्हणजे ना-हरकत दाखल्याची, चौकशी करा. अर्ज ऑनलाइन होतो. ‘ते नंतर बघू की’ असं विकणारा म्हणाला तर त्याच्याकडून लेखी घ्या.