दादाच्या लग्नपत्रिकेवरचं १९४७

प्रिय सोनू,

आत्याकडून दादाच्या लग्नाची पत्रिका फोनवर आली आणि तू लगेच विचारलंस, "आई, लग्न २०२६च्या फेब्रुवारीत आहे, मग इथे 'शके १९४७' का? छापणाऱ्याने चूक केलीय का?" त्यावर वजाबाकी करून ७९ काढलेस आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलंस तर पुढच्या पाडव्याला शके १९४८, म्हणजे फरक ७८! हे फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

आधी हिशेब. आपलं मराठी वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला, गुढीपाडव्याला सुरू होतं. २०२६चा पाडवा १९ मार्चला आहे. दादाचं लग्न माघात, तेव्हा जुनंच वर्ष चालू असेल. म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे, नंतर डिसेंबरअखेर ७८. छापखान्यात काही चुकलेलं नाही. पूर्वी तर कागदोपत्रीसुद्धा हेच साल चालायचं. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ असं साल दिलंय आणि एकनाथांनी ती पोथी शुद्ध केली ते शके १५०६ मध्ये. ही दोन्ही इंग्रजी सालं काढून बघ. १२९० आणि १५८४ आली तर जमलं म्हणायचं.

आता खरा प्रश्न: मोजायला सुरुवात कुठून आणि कोणी केली? पूजेत गुरुजी 'शालिवाहन शके' म्हणतात ना, तो शालिवाहन पैठणचा. माझ्या आजीने सांगितलेली गोष्ट अशी: पैठणात कुंभाराच्या घरी एक पोरगा वाढत होता. मातीचे हत्ती, घोडे, शिपाई करून खेळायचा. उज्जैनचा विक्रम राजा चालून आला तेव्हा त्याने त्या मातीच्या फौजेवर पाणी शिंपडलं, फौज जिवंत झाली आणि विक्रमाला परत जावं लागलं. मग ठरलं की नर्मदेच्या उत्तरेला विक्रमाचं साल आणि दक्षिणेला शालिवाहनाचं.

गोष्ट मला फार आवडते, पण इतिहास म्हणून ती टिकत नाही. पैठणला, म्हणजे तेव्हाच्या प्रतिष्ठानला, सातवाहन राजघराण्याची राजधानी होती आणि 'शालिवाहन' हे त्याच नावाचं रूप मानतात, हे खरं. पण सातवाहन राजे आपल्या शिलालेखांत हे साल वापरतच नाहीत. ते लिहितात 'राज्याच्या अठराव्या वर्षी', 'एकोणिसाव्या वर्षी'. इसवी सन ७८पासूनची ही गणना सलग वापरली ती गुजरात-माळव्याच्या शक क्षत्रपांनी, म्हणजे बाहेरून आलेल्या शक लोकांच्या राजांनी. त्यांच्या नाण्यांवर आणि लेखांवर ती दिसते. सुरुवात कुषाण राजा कनिष्काने केली असंही पूर्वी बरेच अभ्यासक मानत. शालिवाहनाचं नाव तिला चिकटलं ते कित्येक शतकांनंतर.

गंमत पुढे आहे. या शकांशी सातवाहनांचं हाडवैर होतं. नहपान नावाच्या क्षत्रपाने नाशिक, जुन्नर, कार्ले हा सगळा मुलूख घेतला होता. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्याला हरवलं. पुरावा बघायचा तर १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त नाणी. सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा ठोकलेला! नवी नाणी पाडत बसला नाही, शत्रूच्याच चेहऱ्यावर शिक्का मारला. नाशिकच्या पांडवलेण्यात त्याची आई गौतमी बलश्री हिने मोठा लेख कोरून घेतलाय. त्यात ती म्हणते, माझ्या मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलंय. (आयांचं कौतुक तेव्हाही असंच सढळ असे.) तर आपल्या पत्रिकेवर साल बहुधा हरलेल्यांचं आहे आणि नाव जिंकलेल्यांच्या घराण्याचं. दादाला हे सांगू नकोस, बिचारा आधीच मांडवाच्या खर्चात बुडालाय.

सातवाहनांची राजधानी पैठणातच का, ते नकाशा उघडून बघ. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी पूर्वेकडे वाहत येते आणि तिच्या उत्तर काठावर पैठण. आजूबाजूला काळी कसदार जमीन. इथून एक वाट उत्तरेला भडोचच्या बंदराकडे, दुसरी पश्चिमेला जुन्नर आणि नाणेघाटावरून कल्याण-सोपाऱ्याकडे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवलंय की भडोचपासून पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे, तिथून रंगीत मौल्यवान दगड बैलगाड्यांनी येतात, आणि मधल्या मोठ्या मुलखात धड रस्ते नाहीत. दहा दिवस पूर्वेला तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, तिथून कापड यायचं. पितळखोऱ्याच्या लेण्यात एका खांबावर प्रतिष्ठानच्या एका गंध्याचं नाव आहे. गंधी म्हणजे अत्तरवाला. इतक्या लांब डोंगरात दान द्यायला जाणारा अत्तरवाला ज्या गावात होता, तिथे पैसा किती खेळत असेल!

पण आज पैठणला गेलीस तर राजवाडा शोधू नकोस. सातवाहनांचं जे काही आहे ते मातीच्या टेकाडांखाली. वर एक तालुक्याचं गाव आहे, अरुंद बोळ, जुने वाडे, नदीचे घाट. लोक तिथे जातात ते मुख्यतः नाथांसाठी. एकनाथ महाराज पैठणचेच. गावात त्यांचा वाडा आहे, नदीकाठी समाधी, आणि फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीची यात्रा भरते, तेव्हा दिंड्यांनी गाव भरून जातं. ज्ञानेश्वरांनी रेड्याकडून वेद वदवले ती गोष्टही नागघाटावरचीच. तुझी आजी पैठणला गेली की आधी नाथांचं दर्शन, मग पैठणी. माझं मत विचारशील तर पैठणी विकत घेण्याआधी मागावर बघावी. पदरावरचा मोर विणकर एकेका रंगाची वेगळी कांडी फिरवून भरतो, त्यामुळे मागच्या बाजूला धागे लोंबत नाहीत, उलटसुलट दोन्हीकडून नक्षी सारखीच दिसते. आजीच्या कपाटातल्या साडीचा पदर उलटून बघ, खरी आहे का ते कळेल. आता येवल्यातही पैठणी विणतात, पण नाव पैठणचंच.

गावाला लागूनच जायकवाडीचं धरण. दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, आणि मागे नाथसागर. त्याचं भूमिपूजन १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केलं, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन. मराठवाड्याच्या कितीतरी शेतांना आणि छत्रपती संभाजीनगरच्या नळांना इथलं पाणी जातं. हिवाळ्यात पाण्यावर बाहेरचे पक्षी उतरतात, रोहित म्हणजे फ्लेमिंगोसुद्धा.

लग्नाला जाशील तेव्हा पैठण जमणार नाही, घाई असेल. पुढच्या डिसेंबरात मी येईन तेव्हा जाऊ. संभाजीनगरात मुक्काम, तिथून पैठण पन्नास किलोमीटर, सकाळी लवकर निघालो तर आधी पक्षी, मग नाथांचा वाडा, मग माग. वेरूळ वेगळ्या दिवशी, दोन्ही एका दिवसात कोंबायचं नाही. नाणेघाट मात्र पावसाळा संपता संपता करायला हवा. तिथे सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि वाटेवर एक मोठा दगडी रांजण, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. त्यासाठी बाबाला पटवावं लागेल, ते काम तुझं.

अनेक आशीर्वाद.

तुझी,
आई