कझाकस्तानच्या ऑइल फील्डची ऑफर आलीये? सही करायच्या आधी हे वाच

भावा, तुझा प्रश्न वाचला. नागोठण्याला पायपिंग क्यूसीमध्ये (पाइपकामाची गुणवत्ता तपासणी) आठ वर्षं, आता मुंबईच्या एका एजंटने तेंगिझची, म्हणजे पश्चिम कझाकस्तानातल्या मोठ्या तेलक्षेत्राची ऑफर दाखवलीये, २८/२८ रोटेशन (२८ दिवस साइटवर, २८ दिवस घरी), आणि तू विचारतोयस की जावं का, आणि बायको-मुलीला घेऊन जावं का. मी अतिराऊत, म्हणजे इथल्या तेलपट्ट्यातल्या मुख्य शहरात, बरीच वर्षं आहे, आधी कॉन्ट्रॅक्टरकडे प्रोजेक्टवर होतो आणि आता ऑपरेशन्सच्या बाजूला, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. जरा मोठं होईल पण सगळं वाच.

पहिली गोष्ट म्हणजे "तेंगिझची नोकरी" असं काही एक नसतं, तुझा पगार नक्की कोण देणार ते आधी बघ. तेंगिझ फील्ड तेंगिझशेवरॉइल चालवते, हे १९९३ साली चाळीस वर्षांसाठी झालेलं जॉइंट व्हेंचर आहे, शेवरॉन ५० टक्के, एक्सॉनमोबिल २५, इथली सरकारी काझमुनायगॅस २० आणि लुकऑइल ५. दुसरं फील्ड काशागान, कॅस्पियन समुद्रातलं, ते एनसीओसी नावाची कंपनी चालवते, त्यात एनी, शेल, एक्सॉन, टोटल, चीनची सीएनपीसी, जपानची इन्पेक्स आणि काझमुनायगॅस. तिसरं कराचागानाक, ते वर उत्तरेला अक्सायजवळ, शेल आणि एनी मिळून चालवतात. (काशागानमधला कोनोकोफिलिप्सचा हिस्सा २०१२ मध्ये आपली ओएनजीसी विदेश घेणार होती, जवळपास ५ अब्ज डॉलरचा सौदा ठरला होता, पण कझाक सरकारने आपला पहिला हक्क वापरून तो स्वतः घेतला आणि मग चीनला दिला. मला अजून वाईट वाटतं, आपल्या किती पोरांना थेट ऑपरेटरकडे दार उघडलं असतं.) तर या ऑपरेटर कंपन्यांच्या खाली मोठे कॉन्ट्रॅक्टर, त्यांच्या खाली सबकॉन्ट्रॅक्टर, आणि त्याखाली मॅनपॉवर सप्लाय करणारे. तुझ्या एजंटच्या कागदावर तेंगिझचा फोटो असेल पण सही बहुतेक या शेवटच्या थरातल्या कंपनीची असणार, आणि प्रोजेक्ट थांबला की सगळ्यात आधी डिमोब (काम संपवून घरी रवानगी) तोच थर होतो.

दुसरं, वेळ. तेंगिझचा मोठा एक्स्पान्शन प्रोजेक्ट, जवळपास ४८ अब्ज डॉलरचा, त्यातून जानेवारी २०२५ मध्ये पहिलं तेल आलं. बांधकाम जोरात होतं तेव्हा तिथे हजारोंनी माणसं होती, वेल्डर, फिटर, क्यूसी, स्कॅफोल्डर, आणि प्लांट चालू झाल्यावर त्यातली बहुतेक घरी गेली, त्यात स्थानिक लोक फार होते आणि ते आजही काम शोधतायत. आता तिथे जे निघतं ते मुख्यतः मेंटेनन्स आणि शटडाऊनचं (प्लांट थोडे दिवस बंद ठेवून करायच्या दुरुस्तीचं) काम, म्हणजे काही आठवडे किंवा काही महिने. एजंट "लाँग टर्म प्रोजेक्ट" म्हणत असेल तर सरळ विचार, कुठलं युनिट, कुठला स्कोप, काम संपायची तारीख काय. आणि तेंगिझचा मूळ करार २०३३ ला संपतो, पुढचं काय यावर सरकार आणि कंपन्यांमध्ये बोलणी आहेत, शिवाय काशागान आणि कराचागानाकच्या पार्टनर्सवर सरकारने अब्जावधी डॉलरचे दावे लावलेत. मोठ्या लोकांची भांडणं असं समजू नकोस, बजेट आखडलं की पहिली कात्री आपल्यावरच येते.

या देशाला खुला समुद्र नाही ही गोष्ट पण नीट समजून घे. कॅस्पियन आहे, पण तिथून महासागरात थेट जायला वाट नाही. तेंगिझचं तेल सीपीसी नावाच्या पाइपलाइनने साधारण १,५०० किमी, रशियामार्गे, तिथल्या नोवोरोसिस्क बंदराजवळच्या टर्मिनलला जातं, तिथे काळ्या समुद्रात टँकर भरतात. देशाच्या तेल निर्यातीतला सुमारे ८० टक्के माल याच एका पाइपातून जातो. २०२२ मध्ये वादळाने तिथले लोडिंग पॉइंट खराब झाले, त्याच वर्षी रशियाच्या कोर्टाने महिनाभर बंदचा आदेश दिला आणि मग वरच्या कोर्टात तो दंडावर निभावला, २०२५ मध्ये पंपिंग स्टेशनवर ड्रोन पडले. टर्मिनलला लोडिंग अडलं की इथे आम्हाला प्रॉडक्शन कमी करायची तयारी करावी लागते, कारण तेल ठेवणार कुठे, टाक्या किती दिवस पुरणार. बाकूमार्गे आणि चीनकडे जाणारे रस्ते आहेत पण एवढं तेल त्यातून मावत नाही.

आता तुझ्या कामाचं, कारण हे तुला कोणी सांगणार नाही. इथलं तेल आंबट (सावर), म्हणजे गॅसमध्ये एचटूएस, हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू, प्रचंड, दहा टक्क्यांच्या वर. काशागान सप्टेंबर २०१३ ला सुरू झालं आणि काही आठवड्यांत बंद पडलं, कारण पाइपलाइनला वेल्डजवळ सल्फाइड स्ट्रेस क्रॅकिंगने (एचटूएसमुळे ताणाखालचं स्टील तडकणं) भेगा गेल्या, तेल आणि गॅस दोन्ही लाइन मिळून जवळपास २०० किमी पाइप बदलावा लागला आणि प्रॉडक्शन परत यायला २०१६ उजाडलं. त्यामुळे इंटरव्ह्यूला तुला नेस एमआर ०१७५ (एचटूएसमध्ये चालणाऱ्या धातूंचं स्टँडर्ड), वेल्डचा हार्डनेस २५० विकर्सच्या आत का ठेवायचा, पीडब्ल्यूएचटीचा (वेल्डिंगनंतरच्या हीट ट्रीटमेंटचा) चार्ट कसा वाचतोस, हेच विचारतील. नागोठण्याला सावर सर्व्हिसच्या, म्हणजे एचटूएसवाल्या लाइनवर जे काम केलंयस ते सीव्हीत वर घे, बाकीचं खाली.

आणि दाढी काढावी लागेल, रोज. मास्क चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे म्हणून फेस फिट टेस्ट होते, दोन दिवसांची खुंटं असली तरी गेटवरून परत पाठवतात. गॅस डिटेक्टर कॉलरजवळ, नाकाच्या आसपास लावायचा, कमरेला नाही. एचटूएसचा सडक्या अंड्यासारखा वास थोडा असेपर्यंतच येतो, १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं गॅस गेला. म्हणून साइटवर पाय ठेवला की आधी विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघायचा, वारा कुठून येतोय, पळायचं झालं तर वाऱ्याला आडवं कुठे जायचं. ही सवय मनापासून लाव, ट्रेनिंगचा पेपर पास होण्यापुरती नको.

कॅम्पचं जेवण भरपूर असतं पण मांसावर भर, घोड्याचं मांस इथे मानाचं, बेशबर्माक (मांस आणि पिठाच्या पट्ट्यांचा पदार्थ) पाहुण्याला प्रेमाने वाढतात, खात नसशील तर हात छातीवर ठेवून "रहमेत" (धन्यवाद) म्हण, कोणी वाईट वाटून घेत नाही. शाकाहारी असशील तर डाळ-मसाले घेऊन ये. हवा दोन्ही टोकांची, हिवाळ्यात उणे ३० पर्यंत आणि वर स्टेपवरचा (उघड्या गवताळ माळावरचा) वारा, उन्हाळ्यात ४०. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे, त्यामुळे घरी फोन करायचं सुख आहे.

स्थानिक लोकांशी नीट वाग, हे मी हात जोडून सांगतो. २०१९ मध्ये तेंगिझला एका परदेशी कामगाराने टाकलेल्या फोटोवरून मोठी मारामारी झाली, पण फोटो हे निमित्त होतं, एकाच कामाला परदेशी माणसाला जास्त पैसे मिळतात हा राग खूप जुना आहे. जानओझेन या तेलाच्या गावात २०११ मध्ये संपावरच्या तेल कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्यात, लोक ते विसरलेले नाहीत. तेल त्यांच्या जमिनीखालचं आहे, त्यांची तक्रार खरी आहे. परदेशी लोकांना कोटा आहे, आपल्या जागेवर हळूहळू कझाक माणूस यावा हीच सरकारची अट आहे, तर हाताखालच्या पोराला मनापासून शिकव. थोडी रशियन शीक, कझाकचे चार शब्द तरी.

फॅमिलीचं स्पष्ट सांगतो, २८/२८ वर आणू नकोस. फील्डवर कुटुंबाला जागा नाही आणि अतिराऊत ठेवलंस तर तू महिनाभर साइटवर, ती परक्या भाषेत एकटी, इंग्रजी शाळा मोजक्या आणि फी कंपनीने भरली तरच परवडणार. सुट्टीत तूच घरी ये. रेसिडेंट पोस्ट (रोटेशन नाही, इथेच राहून काम) मिळाली तर वेगळा विचार.

कागदांचं आजच सुरू कर. डिग्री आधी मंत्रालयातून अटेस्ट, मग परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल (परदेशात चालणारा शिक्का), मग रशियन भाषांतर. आपल्याला १४ दिवस व्हिसाशिवाय येता येतं पण त्यावर काम करणं बेकायदा, एजंट "आधी चल, परमिट तिथे होईल" म्हणाला तर तिथेच उठून ये, वर्क परमिट कंपनीनेच काढायचं असतं. एजंट ईमायग्रेटवर (परदेशी नोकरभरतीचं भारत सरकारचं पोर्टल) रजिस्टर आहे का बघ, सर्व्हिस चार्ज ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याच्या वर मागत असेल तर देऊ नकोस. आणि ऑफर लेटरमध्ये हे लिहून घे: घरी असतानाचे २८ दिवस पगारी आहेत का, विमानाचं तिकीट मुंबईपर्यंत की अल्माटीपर्यंतच, मेडिकल इव्हॅक्युएशन कोण देणार, डिमोबची नोटीस किती दिवसांची, पगार डॉलरला बांधलेला की इथल्या चलनात, टेंगेमध्ये, कारण टेंगे घसरला की तुझा पगार पण घसरतो. यातलं काय लिहिलंय आणि काय तोंडी सांगितलंय ते इथे टाक, नाव-नंबर झाकून, मी आणि इथले दोघे-तिघे बघून सांगतो.